लेफ्टनंट मुलीला सीओ साहेब कारकुनी का करायला लावतात?

चोपड्याच्या एका वडिलांचा प्रश्न आहे. मुलगी जळगावात इंजिनिअरिंग झाली, चेन्नईच्या ओटीएमधून, म्हणजे ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीतून, पास आऊट झाली आणि लष्कराच्या इंजिनिअर्समध्ये लेफ्टनंट म्हणून युनिटला जाऊन तिला काही महिने झाले. फोनवर ती जे सांगते त्यात लढाईचं नावच नाही. जवानांच्या सुट्टीचा तक्ता, लंगरचा (जवानांच्या स्वयंपाकघराचा) हिशोब, स्टोअरची मोजणी, कुणाचं ओळखपत्र हरवलं त्याची चौकशी. वर अधूनमधून संध्याकाळी सगळ्या अधिकाऱ्यांसमोर उभं राहून एखाद्या जुन्या लढाईवर बोलायचं. वडील विचारतात, अकॅडमीत एवढं रगडून घेतलं ते यासाठीच का? सीओ साहेब (युनिटचे प्रमुख, कमांडिंग ऑफिसर) पोरीला कारकून करताहेत, की बाई म्हणून बाजूला बसवताहेत?

भाऊ, दुसरी शंका मी उडवून लावणार नाही, तिच्यावर येतो. आधी पहिली.

मी पायदळातला माणूस. लेफ्टनंट होऊन पलटणीत गेलो तेव्हा हीच कामं माझ्या गळ्यात पडली आणि पुढे पलटणीची कमांड मिळाली तेव्हा मीही नव्या पोरांना हीच दिली. इंजिनिअर रेजिमेंटचा धंदा वेगळा, तिथे पूल, सुरुंग आणि रस्ते असतात. पण नव्या अधिकाऱ्याला घडवायची रीत दोन्हीकडे जवळजवळ एकच. अकॅडमी तयार अधिकारी देत नाही. ती तब्येत देते, शिस्त देते आणि थोडा आत्मविश्वास देते, तो कधी जरा जास्तच असतो. पुढचं सगळं युनिटमध्ये होतं आणि त्याची जबाबदारी सीओंची.

सुट्टीचा तक्ता घ्या. जवानाला वर्षाला ६० दिवस वार्षिक आणि ३० दिवस नैमित्तिक रजा. कंपनीत १२० माणसं धरली तर वर्षाचे १०,८०० रजेचे दिवस झाले. ३६५ ने भागा, रोज साधारण ३० माणसं घरी. त्यात कोर्सवर गेलेले, दवाखान्यात असलेले, ड्यूटीला बाहेर पाठवलेले वजा करा, मग कळतं की कागदावरच्या १२० मधून मैदानात प्रत्यक्ष किती उभे राहतात. तुमच्या मुलीच्या कामात याचा अर्थ अगदी सरळ आहे. बेली ब्रिजचं, म्हणजे सुटे भाग जोडून उभारायच्या लोखंडी पुलाचं, एक पॅनेल दहा फूट लांब, पाच फूट उंच, वजनाला सुमारे २६० किलो. ते सहा माणसं मिळून उचलतात, एका लयीत, एका हुकमावर. सरावातले हात नेमके त्या आठवड्यात गावी गेले असतील तर पूल उभा राहायचा वेळ वाढतो आणि बोटं चिरडायचा धोकाही वाढतो. तक्ता लिहिणारीला हे ज्या दिवशी दिसतं त्या दिवशी ते काम कारकुनी राहत नाही.

आणि तक्त्यातून माणूस कळतो तो वेगळाच. माझ्या पलटणीत लखनौकडचा एक लेफ्टनंट होता. हुशार, धावण्यात पहिला, हिंदी अशी की ऐकत राहावं. पलटण मराठी, आणि शिरपूरकडच्या एका जवानानं श्रावणात चार दिवस मागितले, कारण लिहिलं 'कानबाई'. या लेफ्टनंट साहेबांनी ते नाकारले, कारण सणांच्या यादीत कानबाई नव्हती. अर्ज फिरत माझ्या टेबलावर आला. मी त्याला बोलावून एवढंच विचारलं, "कानबाई म्हणजे काय रे?" म्हणाला, "सर, माहीत नाही." म्हटलं, संध्याकाळपर्यंत माहीत करून घे आणि मग काय ठरवायचं ते तूच ठरव. मी धुळ्याचा, मला पाच मिनिटांत सांगता आलं असतं. सांगितलं नाही.

गडी दुपारी लंगरात खान्देशी पोरांमध्ये जाऊन बसला. संध्याकाळी येऊन त्यानं मलाच समजावलं: नागपंचमीनंतरच्या रविवारी घरात कानबाई देवी बसते, सोमवारी उठते, रोटाचं धान्य घरातल्या पुरुषांच्या नावानं मुठीनं मोजतात, रोट भाऊबंदकीतच संपवायचा असतो, बाहेरच्याला देत नाहीत, म्हणून परगावी असलेला भाऊही त्या दिवशी घर गाठतो. एवढं सांगून थांबला नाही. कोकणातल्या एका पोराला विचारून आला होता, त्याला गणपतीत जायचं होतं, म्हणजे भाद्रपदात. दोघांच्या तारखा जुळवल्या, गस्तीला माणूस कमी पडला नाही. त्यानंतर त्या प्लाटूनमधली पोरं त्याच्याशी मराठीत बोलायला लागली, अर्थात हसत हसत, कारण त्याचं मराठी भयंकर होतं. एकानं तर त्याला अहिराणी शिकवायचा चंग बांधला. 'काय करी राहिना' एवढं तो बदली होईपर्यंत सगळ्यांना विचारायचा.

तुम्ही विचाराल, यात सीओनं केलं काय? काम दिलं आणि मग हात बांधून बसला. पहिला भाग कुणालाही जमतो, दुसरा अवघड. पलटण हातात असलेल्या माणसाला सगळं येत असतं, वेळ कमी असतो, वरून ब्रिगेडचा फोन वाजत असतो. 'जाऊ दे, मीच करतो' हा मोह इतका मोठा की चांगले चांगले सीओ त्यात बुडतात. त्यांची पलटण झकास चालते, निरीक्षणात शाबासकी मिळवते, आणि त्यांच्या हाताखालून निघालेले मेजर पुढे स्वतःच्या सहीनं एक ट्रक हलवायला कचरतात. असे मी पाहिलेत. दोष त्या मेजरांना देऊन काय करायचं?

आता हात बांधून बसायचं म्हणजे वाऱ्यावर सोडायचं असंही नाही. सीओंकडे त्यासाठी सगळ्यात भरवशाचा माणूस असतो तो सुभेदार साहेब. वीस-पंचवीस वर्षं नोकरी झालेला सुभेदार तेवीस वर्षांच्या पोरीला सॅल्यूट करतो, 'मॅडम' म्हणतो आणि तिला घडवतोही, तिला कळू न देता. नवा अधिकारी कुठल्या सुभेदाराबरोबर जोडायचा हा सीओंच्या हातातला मोठा निर्णय, आणि बाहेरच्यांना तो कधी दिसतच नाही. उद्धट पोराला शांत सुभेदार द्यायचा. बुजऱ्याला असा द्यायचा की जो मुद्दाम विचारेल, "साहेब, हुकूम काय?" आणि हुकूम मिळेपर्यंत जागचा हलणार नाही. मी सुभेदार साहेबांना बोलावून सांगायचो, पोरगा चुकला तर चुकू द्या, पण कुणाला लागेल अशी चूक दिसली तर आधी थांबवा आणि मग मला सांगा. फायरिंग रेंजवर, सुरुंगांच्या कामात, पुलावर ही सवलत शून्य. तिथे शिकायचं ते नियमाप्रमाणे, प्रयोग नाहीत.

चूक झाल्यावर काय होतं यावरून सीओ कसा आहे ते ओळखावं. जवानांसमोर अधिकाऱ्याला झापायचं नाही हा नियम सगळ्यांना पाठ असतो, पाळणारे त्याहून कमी. ऑफिसमध्ये बोलावल्यावर टोपी-बेल्टसह सावधान उभं केलं तर ती ताकीद. 'टोपी काढ, बस' म्हणाले तर ते शिकवणं. दोन्ही लागतात. पण वर्षभरात टोपी काढून बसायची वेळच आली नाही, तर तिथे शिक्षण चाललेलं नाही, नुसती हजेरी चाललीय.

आता त्या अधूनमधूनच्या संध्याकाळच्या भाषणाबद्दल. मुलीला वाटत असेल शाळेतली वक्तृत्व स्पर्धा आहे. जुनी लढाई निमित्त असते. सीओ बघत असतात की तीन पुस्तकं वाचून ही कामाचं काय उचलते, नकाशावर बोट ठेवून बोलते की हवेत बोलते, आणि कुणी मध्येच प्रश्न टाकला तर 'माहीत नाही' म्हणायची हिंमत आहे का. हीच गोष्ट सँड मॉडेलवर जास्त खुलते. जमिनीवर लाकडाच्या भुशाचा आणि रंगाच्या पुडीचा प्रदेश तयार करतात, निळी दोरी म्हणजे नाला, पांढरी म्हणजे रस्ता, काड्यापेट्या म्हणजे घरं. त्याभोवती सगळे बसतात आणि लेफ्टनंट आपली योजना सांगतो. माझ्या एका सीओंना तिथे एकच शब्द पुरायचा: "मग?" नाल्यातून जाणार. मग? नाल्याला पाणी आलं. मग? पुढची सेक्शन अडकली, वायरलेस बंद पडला. मग? पाचव्या 'मग'ला घाम फुटायचा. उत्तर ते कधी देत नसत. दुसऱ्या दिवशी पीटीला भेटल्यावर विचारायचे, काही सुचलं का? आणि रात्रभर तेच डोक्यात फिरत असल्यामुळे हमखास काहीतरी सुचलेलं असायचं.

अशा चर्चेत आधी कोण बोलणार याला फार महत्त्व. सीओ आधी बोलले की बाकीच्यांना फक्त मान डोलवायची उरते. आपल्या लष्करात कोर्ट मार्शलच्या सदस्यांचं मत घेतात ते सर्वांत कनिष्ठापासून सुरू करून, म्हणजे ज्येष्ठाच्या मताचं ओझं धाकट्यावर पडत नाही. शहाणा सीओ हीच रीत सरावानंतरच्या बैठकीत लावतो. लेफ्टनंट आधी, मग कॅप्टन, मग कंपनी कमांडर, आणि स्वतः शेवटी, थोडक्यात. तुमच्या मुलीच्या युनिटमध्ये हे असं होतं का, तिला विचारा. होत असेल तर निर्धास्त राहा.

उद्दिष्ट सांगायचं आणि रस्ता सोडून द्यायचा, याचं एक उदाहरण आपल्या खान्देशच्या मातीतलं आहे, जरा कडू आहे. १८२५ मध्ये जेम्स आउट्रम नावाचा बावीस वर्षांचा इंग्रज लेफ्टनंट धरणगावला आला. मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन. काम असं की ज्या भिल्लांशी फौज झगडत होती त्यांच्यातूनच एक पलटण उभी करायची. कसं करायचं ते त्याच्यावर सोडलं. तो भिल्लांमध्ये जाऊन राहिला, त्यांच्याबरोबर शिकार केली, मूठभर माणसांपासून सुरुवात केली आणि खान्देश भिल्ल कोअर उभी राहिली. दहा वर्षं तो इथेच होता. ही पलटण परक्यांचं राज्य टिकवायला होती आणि त्याची किंमत सातपुड्यानं मोजली, हे विसरून आउट्रमचे गोडवे गायला मी बसलेलो नाही. त्याच सरकारच्या चाकरीत सेंधव्याचा घाट राखणारा खाज्या नाईक १८५७ मध्ये त्यांच्याविरुद्ध उठला तो उगाच नाही. पण कनिष्ठ अधिकाऱ्यावर किती सोपवता येतं, हे बघायचं असेल तर धरणगाव चोपड्यापासून लांब नाही.

आणि आपल्या काळातलं उदाहरण हवं तर कारगिल. विक्रम बत्रा डिसेंबर १९९७ मध्ये कमिशन झाले. त्यांना महूला यंग ऑफिसर्स कोर्सला पाठवलं, मग १९९९ च्या सुरुवातीला बेळगावला कमांडो कोर्सला. जून १९९९ मध्ये पॉइंट ५१४० या शिखरावर हल्ला ठरला तेव्हा नोकरी दीड वर्षाची, हुद्दा लेफ्टनंट. त्यांच्या १३ जॅक रायफल्स (जम्मू-काश्मीर रायफल्स) पलटणीचे सीओ लेफ्टनंट कर्नल योगेशकुमार जोशी. त्यांनी दोन कंपन्या दोन लेफ्टनंटांच्या हाती दिल्या, एक बत्रांकडे आणि एक संजीव जामवालांकडे, आणि जिंकल्यावर वायरलेसवर कोणता संकेत द्यायचा तोही ज्याचा त्याला निवडू दिला. आपण सगळे शौर्य आठवतो, आठवावंच. सीओच्या खुर्चीत बसलेला माणूस मात्र त्यातले ते आधीचे अठरा महिने बघतो. कंपनीची कमांड एरवी मेजरकडे असते. ती वेळ आली तेव्हा त्या पोरांना हाताशी सुभेदार ओळखीचे होते, जवान नावानिशी ठाऊक होते, कोर्स झालेले होते.

कोर्सवरून आठवलं. तुमच्या मुलीला पुण्यात दापोडीला, सीएमईमध्ये (कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंग), यंग ऑफिसर्स कोर्सला जावं लागेल. त्याआधी काही आठवडे युनिटमध्येच तयारी करून घेणारे सीओ असतात आणि आदल्या रात्रीपर्यंत ड्यूटीवर ठेवणारेही असतात. काही जण तर कामाचा अधिकारी हातचा जाऊ नये म्हणून कोर्सचं नावच पुढे ढकलत राहतात. याला मी सरळ अन्याय म्हणतो, कारण कोर्समधली ग्रेडिंग माणसाच्या मागे नोकरीभर फिरते. दोन वर्षांनी कॅप्टन, सहा वर्षांनी मेजर, तेरा वर्षांनी लेफ्टनंट कर्नल, इथवर सेवेच्या वर्षांनी पोचता येतं, मध्ये पार्ट बी आणि पार्ट डी या बढतीच्या परीक्षा मात्र काढाव्या लागतात. कर्नलपासून पुढे निवड. तमिळनाडूतल्या वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजला जायचं तर स्पर्धा परीक्षा. ज्या युनिटमध्ये टूआयसी, म्हणजे सीओंनंतरचा दुसरा अधिकारी, संध्याकाळी कॅप्टनांना अभ्यासाला बसवतो आणि परीक्षेआधी रजा सोडतो, तिथली पोरं पुढे जातात. यात गूढ काही नाही.

वार्षिक गोपनीय अहवालाबद्दल थोडक्यात. अंक ९ पैकी असतात आणि सगळीकडे आठ-नऊंचा पाऊस पडलेला असतो, त्यामुळे अंकांवरून कुणाचं काय कळणार? खरं मोल सीओ वर्षभरात समोर बसवून काय बोलले त्याला. अहवालात जी उणीव लिहायची ती आधी तोंडावर सांगितलेली असली पाहिजे.

आता तुमची दुसरी शंका. बाई म्हणून बाजूला ठेवलंय का? ओटीएत मुली १९९२ पासून जाताहेत. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं त्यांना पर्मनंट कमिशनची (निवृत्तीपर्यंतच्या नोकरीची) वाट खुली झाली आणि २०२३ पासून महिला कर्नल युनिटच्या कमांडवर आहेत. तरी एखाद्या युनिटमध्ये 'मॅडमला ऑफिसचं काम द्या, थंडीत कशाला त्रास' असं म्हणणारा भला माणूस भेटू शकतो. हा भलेपणा फार महागात पडतो. म्हणून तक्ता, हिशोब, चौकशी ही कामं मिळताहेत यावरून काही ठरवू नका, ती सगळ्यांना मिळतात. बघायचं ते हे की ब्रिजिंग कॅम्पला तिची प्लाटून जाते तेव्हा तीच घेऊन जाते की दुसरा कुणी. रात्रीच्या सरावाची यादी लागते त्यात तिचं नाव असतं का. लंगरच्या हिशोबात तिनं खोट काढली तर तिचा शेरा टिकतो, की कुणीतरी परस्पर पुसतो.

२०२४ च्या ३० जुलैला वायनाडमध्ये दरडी कोसळल्या. चूरलमला आणि मुंडक्काई यांना जोडणारा पूल वाहून गेला आणि लष्कराच्या मद्रास इंजिनिअर ग्रुपनं तिथे १९० फूट लांबीचा, २४ टन भार पेलणारा बेली ब्रिज टाकला. १ ऑगस्टच्या संध्याकाळी त्यावरून गाड्या गेल्या. त्या कामावर उभ्या होत्या मेजर सीता शेळके, आपल्या नगर, आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातल्या, ओटीए चेन्नईच्याच. टीव्हीवर पूल दिसला. त्याआधीची बारा वर्षं टीव्हीवर दिसत नाहीत. त्यात किती मोजण्या, किती तक्ते, किती सराव झाले असतील याचा अंदाज तुम्ही करा. दरड कोसळल्यावर कुणाला पॅनेलं मोजायला शिकवायला वेळ नसतो.

मुलीला माझं सांगणं एवढंच. सुट्टीचा तक्ता हातात आहे तोवर कंपनीतल्या प्रत्येकाचं गाव, घरची अडचण आणि कुठल्या कामात हात चालतो हे वहीत लिहून ठेव. चौकशी लिहिताना साक्षीदाराचं म्हणणं त्याच्याच शब्दांत घे, पुढे कायद्याच्या परीक्षेत उपयोगी पडेल. सुभेदार साहेबांना रोज एक प्रश्न विचार, दोन नको, वैतागतील. आणि पुढच्या ब्रिजिंग कॅम्पला जायचंय असं कंपनी कमांडरला आत्ताच सांगून ठेव. नाव आलं नाही तर सीओंची मुलाखत मागायचा तिला हक्क आहे, तो रीतसर, कंपनी कमांडरमार्फत वापरावा. त्यात कुणी वाईट मानत नाही, उलट बहुतेक सीओ वाटच बघत असतात की लेफ्टनंट स्वतःहून काही मागतो का.

तुम्ही मात्र तिच्या सीओंना फोन करू नका. ओळखीच्या कुणाकरवीही नको. पोरीचं नाव मेसमध्ये वर्षभर निघत राहील.